वाचकांचे प्रश्न : कृत्तिकांभोवतीची धूळ फोटोत कशी आणायची?

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, २०० मिमीची एफ/२.८ लेन्स आणि छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र) आहे. कृत्तिकांचे तारे टिपले जातात, पण त्यांच्याभोवतीची निळी धूळ येत नाही. काय कमी पडते? (सोलापूर)

उत्तर : कमी पडतो तो एकूण वेळ. तुमची सामग्री या कामाला पुरेशी आहे. कृत्तिकांचा पसारा सुमारे दोन अंशांचा, आणि २०० मिमीला क्रॉप सेन्सरवर साधारण ६.७ बाय ४.५ अंशांचे आकाश मावते. त्यामुळे गुच्छाभोवती मोकळी जागाही भरपूर राहते.

ही धूळ स्वतः प्रकाशत नाही. सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरचा हा गुच्छ सध्या धुळीच्या एका ढगातून चालला आहे आणि त्याच्या तप्त निळ्या ताऱ्यांचा उजेड त्या कणांवरून विखुरतो. कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून धूळ ताऱ्यांहूनही निळी दिसते. असा विखुरलेला उजेड एका फ्रेममध्ये सेन्सरच्या गोंगाटात बुडून जातो. त्यावर उपाय म्हणजे पुष्कळ फ्रेम घेऊन त्या एकावर एक रचणे.

लेन्स एफ/४ वर आणा. एफ/२.८ ला कोपऱ्यांतले तारे पसरतात आणि निळ्या ताऱ्यांना जांभळी कड येते. आयएसओ ८००, एक्स्पोजर ६० सेकंद, फाइल रॉ. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. तो डाव्या कडेला चिकटला असेल तर एक्स्पोजर वाढवा. अंधाऱ्या जागी अशा १८० फ्रेम, म्हणजे तीन तास, जमवल्या की मेरोपे या ताऱ्याखालचा धुळीचा पंखा आणि माइया या ताऱ्याभोवतीचे धागे स्पष्ट होतात. आणखी बाहेरची तपकिरी धूळ हवी असेल तर आठ-दहा तास लागतील. ते दोन-तीन रात्रींत वाटून घेतले तरी चालते.

दर दहा फ्रेमनंतर चौकट थोडी, दहा-पंधरा पिक्सेल, हलवा. नाहीतर सेन्सरचे ठिपके सगळ्या फ्रेममध्ये एकाच दिशेने सरकत जातात आणि रचलेल्या चित्रात तिरके ओघळ उमटतात. धूळ शोधताना हे ओघळ फार फसवतात.

प्रश्न : कोणत्या रात्री निवडाव्यात? (रत्नागिरी)

उत्तर : कार्तिक पौर्णिमा टाळा, त्या रात्री चंद्र कृत्तिकांच्या जवळच असतो आणि महिन्याला नाव मिळाले तेही त्यावरूनच. कार्तिक आणि मार्गशीर्षाच्या अमावस्या सर्वांत सोयीच्या. २० नोव्हेंबरच्या सुमारास आपल्याकडे कृत्तिका रात्री सव्वाबाराच्या आसपास माथ्यावर येतात, पुढे दर महिन्याला दोन तास लवकर. दिवाळीच्या अमावस्येला फटाक्यांचा धूर असतो, त्यामुळे ती रात्र हातची गेली असे समजा. महाराष्ट्रातून कृत्तिका जवळजवळ खस्वस्तिकापाशी, म्हणजे थेट डोक्यावर, जातात. इतक्या उंचीवर हवेचा थर सर्वांत पातळ मिळतो. युरोपातल्या छायाचित्रकारांना हे सुख नाही.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो. गच्चीवरून फोटो काढण्यासाठी ड्युअल-बँड फिल्टर घ्यावा का?

उत्तर : कृत्तिकांसाठी मुळीच नको. असा फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रंगरेषा तेवढ्या आत सोडतो. मृगातल्या तेजोमेघाला तो उपयोगी पडतो, कारण तिथला वायू स्वतः त्या रेषांत चमकतो. कृत्तिकांची धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परत पाठवते. खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये लॉवेल वेधशाळेत मेरोपेजवळच्या तेजोमेघाचा वर्णपट घेतला, तेव्हा तो शेजारच्या ताऱ्यांसारखाच निघाला. हा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने फिल्टर शहराच्या दिव्यांबरोबर धूळही कापून टाकतो. याच कारणाने कॅमेऱ्यात फेरफार करून लाल संवेदनशीलता वाढवून घेण्याचीही इथे गरज नाही.

फिल्टरचे पैसे प्रवासावर घाला. शहराचे आकाश २५ पट उजळ असेल तर तितकेच स्वच्छ चित्र मिळवायला वेळही साधारण २५ पट लागतो. विदर्भातल्या वाचकांना पेंच जवळ आहे; २०२४ च्या जानेवारीत त्याला ‘डार्क स्काय पार्क’ची मान्यता मिळाली. मुंबई-पुण्याहून निघाल तेव्हा मोठ्या शहराचा उजेड ज्या बाजूला असेल ती बाजू पाठीशी ठेवा आणि कृत्तिका माथ्याजवळ आल्यावरच सुरुवात करा.

प्रश्न : माझ्या फोटोत प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती निळसर वलय आहे. ही धूळच का?

उत्तर : प्रत्येक ताऱ्याभोवती सारखेच गोल वलय असेल तर ती धूळ नव्हे. लेन्सवर दव बसले असावे, पातळ ढग असावा किंवा काचेतले अंतर्गत परावर्तन असावे. खरी धूळ एकसारखी नसते. मेरोपेच्या दक्षिणेला ती पसरट असते, तिच्यात रेषा दिसतात, आणि गुच्छातल्याच ॲटलस ताऱ्याभोवती ती त्या मानाने फारच थोडी आढळते. खगोल निरीक्षक विल्हेल्म टेंपेल यांनी १८५९ मध्ये व्हेनिसहून चार इंची दुर्बिणीतून मेरोपेचा तेजोमेघ पाहिला, तेव्हा त्याचे वर्णन आरशावर उमटलेल्या श्वासाच्या डागासारखे केले होते. तेव्हा गोंधळ होणे स्वाभाविकच आहे.

खात्री करण्याचा एक चांगला मार्ग आहे. त्याच रात्री, त्याच सेटिंगवर वृषभेच्या शिंगाच्या टोकावरील झीटा टौरीच्या वीस फ्रेम घ्या. तोही निळा आहे आणि त्याची प्रत (तेजस्वितेचे माप) ३.०, म्हणजे कृत्तिकांतल्या सर्वांत ठळक अल्सायनीच्या जवळपास. कृत्तिकांच्याही वीसच फ्रेम रचा आणि दोन्ही चित्रे सारखीच ताणून, म्हणजे अंधुक भाग उजळून, शेजारी ठेवा. झीटालाही तसेच वलय आले तर दोष लेन्सचा किंवा दवाचा. लेन्स वर तोंड करून असल्याने ती लवकर थंड होते. कोकणात तर पहिल्या तासातच दव धरते. यूएसबीवर चालणारी ड्यू हीटरची पट्टी सुरुवातीपासूनच मंद ठेवून गुंडाळा. दव बसल्यावर पुसत बसू नका, कारण फोकस हलतो. फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क (लेन्सपुढे लावायची खाचांची जाळी) अल्सायनीवर वापरा आणि तापमान उतरत असताना दर तासाला पुन्हा तपासा.

प्रश्न : ध्रुवतारा क्षितिजाजवळ धुरकट दिसतो. पोलर अलाइनमेंट (ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणे) कितपत अचूक हवी?

उत्तर : आपल्या अक्षांशावर ध्रुवतारा जेमतेम १८-१९ अंश उंच असतो, म्हणून उत्तर क्षितिज मोकळे असलेली जागा आधीच हेरून ठेवा. नुसता ध्रुवतारा मध्यभागी आणून थांबलात तर चूक सुमारे ३७ कलांची (६० कला म्हणजे एक अंश) राहते आणि तारे मिनिटाला जास्तीत जास्त १० विकला (६० विकला म्हणजे एक कला) सरकू शकतात. २०० मिमीला एक पिक्सेल सुमारे ४ विकलांचा, तेव्हा तारे लांबट दिसतील. ट्रॅकरच्या ध्रुवीय दुर्बिणीतल्या वर्तुळावर तारा योग्य जागी बसवून चूक १० कलांवर आणली की हीच सरक अडीच विकलांवर येते. तेवढी पुरे. त्यानंतरही काही फ्रेम लांबट निघाल्या तर दोष ट्रॅकरच्या गिअरचा. त्या फ्रेम बाद करा.

जर्मन विषुववृत्तीय माउंट असेल तर आणखी एक अडचण येते. इथे अक्ष बराच आडवा असल्याने कृत्तिका पूर्वेला खाली असताना प्रतिभार ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला लागू शकतो. त्या वर चढेपर्यंत थांबा, किंवा जड वजन दांड्यावर वर सरकवून लावा.

प्रश्न : स्टॅकिंगनंतर (फ्रेम एकावर एक रचल्यावर) धूळ दिसते, पण पार्श्वभूमी साफ केली की नाहीशी होते. (नाशिक)

उत्तर : सॉफ्टवेअर तिला प्रकाशप्रदूषणाचा उतार समजते. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमी मोजण्यासाठी आपोआप पेरलेले नमुना-बिंदू वापरता तेव्हा निम्मे धुळीवरच पडतात. ते पुसून टाका आणि चौकटीच्या कडांजवळ, जिथे तुमच्याच चित्रात धूळ सर्वांत कमी आहे, तिथे दहा-बारा बिंदू हाताने ठेवा. उताराचे मॉडेल पहिल्या घातांकाचेच, म्हणजे सरळ उताराचे, घ्या. घातांक जितका वरचा, तितकी ते धूळही उतारात मोजते.

या टप्प्यावर फ्लॅट फ्रेमची (एकसारख्या उजेडाच्या फोटोची) किंमत कळते. लेन्सच्या कोपऱ्यातला अंधार फ्लॅटने काढला नाही तर मधला उजेड तेजोमेघ वाटतो आणि सेन्सरवरचा कण काळ्या ढगासारखा दिसतो. फोकस आणि ॲपर्चर न हलवता, लेन्सवर पांढरे कापड ताणून, पहाटेच्या आकाशाकडे तोंड करून ३० फ्लॅट घ्या. त्याच तापमानाला झाकण लावून ६० सेकंदांचे २५ डार्क आणि सर्वांत कमी एक्स्पोजरचे ५० बायस घ्या (हे दोन्ही सेन्सरचा स्वतःचा दोष वजा करण्यासाठीचे फोटो). रंग ताऱ्यांवरून जुळवणारी फोटोमेट्रिक पद्धत चित्र ताणण्याआधी वापरा, आणि ताणताना तारे वेगळे काढून धूळ स्वतंत्रपणे उजळा. अल्सायनी आधीच पांढरी पडलेली असते. तिच्यासाठी १० सेकंदांच्या वीसेक फ्रेम वेगळ्या घेतल्या तर तिच्या मध्यातला निळा रंग परत आणता येतो.