पॅरासिटामॉलपासून सुरुवात करा

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांना एचपीएलसीचे (दाबाने द्रावण वाहवून मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचे) आकर्षण असते; परंतु मिनिटाला 1 मिली वेगाने ते यंत्र 8 तास चालले, तर जवळजवळ अर्धा लिटर द्रावण वाया जाते आणि त्यात बहुधा ॲसिटोनायट्राइल हा विषारी द्रावक असतो. म्हणून गोळीत औषध म्हणून केवळ पॅरासिटामॉल असेल, तर त्याचे प्रमाण मोजायला आधी यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण अतिनील किरण किती शोषते ते मोजणारे यंत्र) वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

150 मिग्रॅ पॅरासिटामॉल असेल एवढी गोळ्यांची भुकटी 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या 50 मिलीमध्ये घ्या, 100 मिली पाणी घालून 15 मिनिटे हलवा, पाण्याने 200 मिली करा आणि गाळा. त्यानंतर दोनदा दहापट विरल करा. दुसऱ्या वेळी त्याच सोडियम हायड्रॉक्साइडचे 10 मिली घालायला विसरू नका. 257 नॅनोमीटरवर शोषणांक (प्रकाश किती शोषला गेला याचे माप) 0.54च्या आसपास यायला हवा. क्युव्हेट, म्हणजे द्रावण ठेवायची छोटी कुपी, क्वार्ट्झचीच घ्या, कारण साधी काच या तरंगलांबीचे अतिनील किरण अडवते. माझे दोन दिवस याच चुकीत गेले होते.

मात्र 4-अमिनोफिनॉलसारखी अशुद्धी मोजायची असेल, तर ही पद्धत पुरत नाही. तेथे एचपीएलसीच हवे, आणि जमेल तेथे ॲसिटोनायट्राइलऐवजी इथेनॉल वापरून पाहा.