दुर्बीण, कोंब आणि पिशवी काढायची घाई

तपासायला येणाऱ्या बाया रोज हेच विचारतात आणि पत्रांतही तेच असतं. म्हणून एकदाच लिहितो.

सोनोग्राफीत गर्भपिशवीत कोंब (पॉलिप) निघाला. दुर्बिणीनं काढला तर पोटावर किती टाके पडतील? (आर्वी)

एकही नाही. ही दुर्बीण खालच्या वाटेनं, पिशवीच्या तोंडातून आत जाते. पोटाला छिद्रं पाडतात ती दुर्बीण वेगळी. बहुतेक बाया त्याच दिवशी घरी जातात. काढलेला तुकडा मात्र तपासणीला पाठवायला लावा आणि रिपोर्ट हातात घ्या.

ऑपरेशनची तारीख कधीची घ्यावी?

पाळी थांबली की लगेचच्या दिवसांतली. तेव्हा अस्तर पातळ असतं, आतलं नीट दिसतं. दिवस राहिल्याची शंका असेल तर आधी सांगा.

वय 36. अंगावरून फार जातं, पांढरंही जातं. एका दवाखान्यात सांगितलं, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. नणंदेनंही काढली. काय करू? (घाटंजी)

ताई, थांबा. 'जखम आहे, कॅन्सर होईल' हे वाक्य ऐकवून किती बायांना टेबलावर घेतलं जातं, ते मी वर्षानुवर्षं पाहतोय आणि दर वेळी संताप होतो. पांढरं जाण्यातून कॅन्सर होत नाही. शंका असेल तर पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी करतात, सोपी असते. रक्त जास्त का जातं, ते आधी शोधायचं. गाठ (फायब्रॉइड) असेल आणि ती पोकळीत असेल तर दुर्बिणीनं निघू शकते. भिंतीत खोल किंवा बाहेरून असेल तर ती या वाटेनं निघत नाही, पण त्रास नसेल तर तिला हातही लावावा लागत नाही. गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे. हिमोग्लोबिनही बघा.

मागे अशीच एक बाई पिशवी काढायची तारीख घेऊन आली होती. आत शेंगदाण्याएवढा कोंब निघाला. काढलेल्या कोंबाची बाटली उजेडाकडे धरून ती म्हणाली, "एवढुशासाठी पिशवी काढाची होती का?"

पिशवीसोबत अंडाशयंही गेली तर पाळी एकाएकी बंद होते, अंगाची आग होते, हाडं लवकर ठिसूळ होतात. ती ठेवली तरी लवकर थकू शकतात. उगाच पिशव्या काढू नयेत म्हणून केंद्रानं 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. काही वेळा पिशवी काढावीच लागते, हेही खरं. पण सगळे कागद घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

मला सिकलसेल आहे. भूल चालेल का? (कुरखेडा)

चालते, पण तयारीनं. वाहक की रुग्ण, तो रिपोर्ट भूलतज्ज्ञांना आधी दाखवा. लपवू नका.

सासूबाई 62 वर्षांच्या. पाळी जाऊन बारा वर्षं झाली. दोनदा डाग दिसला. कापसाची वेचणी आटोपली की आणू का?

याच आठवड्यात आणा.