नेव्हीत जायचंय आणि गणित सोडायचंय?

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात अकरावी सायन्सला आहे. दहावीला ८२ टक्के, गणितात मात्र ६४ गुण. युद्धनौकांचे व्हिडिओ बघून बघून ‘नेव्हीतच जाणार’ म्हणते. सहामाहीत गणितात काठावर पास झाली, म्हणून गणित सोडून फक्त बायोलॉजी ठेवा, असं क्लासवाले सांगतात. तिला चष्मा आहे, पोहता येत नाही. एका एजंटने ‘डायरेक्ट नेव्ही’ कोर्सचे साडेचार लाख सांगितलेत, पन्नास हजार आधी मागतोय. मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे. युद्ध नसताना नेव्ही करते तरी काय? आणि आता सगळ्यांना चार वर्षांनी घरी पाठवतात म्हणे, ते खरं का? धाकटा नववीत आहे, त्यालाही हेच खूळ लागलंय.
– एक पालक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : नमस्कार. आधी दोन गोष्टी, कारण त्या या आठवड्यातच बिघडू शकतात. ते पन्नास हजार देऊ नका. आणि गणित सोडण्याचा अर्ज कॉलेजात दिला असेल तर परत घ्या.

भारतीय नौदलाच्या भरतीत एजंट नसतो, ‘डायरेक्ट’ कोर्सही नसतो. अर्ज नौदलाच्या ‘जॉइन इंडियन नेव्ही’ या सरकारी संकेतस्थळावर किंवा यूपीएससीकडे भरायचा असतो. तुमचा एजंट बहुतेक मर्चंट नेव्हीबद्दल बोलत असावा, म्हणजे तेल, कोळसा, कंटेनर वाहून नेणाऱ्या खासगी कंपन्यांच्या बोटी. ते करिअरही चांगलं आहे. पण तिथे अधिकारी व्हायचं तर आयएमयू-सीईटी ही परीक्षा द्यावी लागते, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं आणि संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत असावी लागते. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या कंपनीकडे त्याच कार्यालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला तिला मनाई आहे. एजंटला संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक कागदावर लिहून मागा. फसवणुकीचा ठरलेला मार्ग असा : आठ-दहा दिवसांची सर्टिफिकेटं, कुठल्या तरी लहान देशाचं खलाशी पुस्तक, टुरिस्ट व्हिसावर परदेशी बंदर, आणि तिथे पोचल्यावर ना बोट ना पगार.

आता गणित. सायन्स आहे म्हणजे नौदलाला चालतं, असा अनेकांचा समज असतो. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) नौदल शाखा, बारावीनंतरची बी.टेक. कॅडेट एन्ट्री आणि अग्निवीर एसएसआर (बारावीवरची खलाशी भरती) या तिन्ही ठिकाणी बारावीला गणित आणि फिजिक्स लागतंच. गणित सोडलं तर तिच्यासाठी मुख्यतः खलाशांमधली एमआर (मॅट्रिक रिक्रूट) भरती उरते, तीही दहावीच्या जोरावर. बायोलॉजीवाल्यांसाठी सैन्यदलांचा मुख्य रस्ता म्हणजे नीट देऊन पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात, एमबीबीएस. ज्या मुलीला गणित जड जातं, तिला नीट सोपी जाईल असं मात्र धरून चालू नका. बायोलॉजी जादा विषय म्हणून ठेवायची तर ठेवू द्या.

युद्ध नसताना नौदल काय करतं, हा प्रश्न तुमच्यासारखे बरेच पालक विचारतात. वजनाच्या हिशेबात आपला परदेश व्यापार सुमारे ९५ टक्के समुद्रातून होतो, आणि कच्चं तेलही बोटीनेच येतं. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज आयएनएस कोलकाताने सुमारे ४० तास अडवून धरलं. नौदलाचे मार्कोस कमांडो हवाई दलाच्या सी-१७ विमानातून पॅराशूटने समुद्रात उतरले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. कोविडमध्ये २०२० साली ‘समुद्र सेतू’ मोहिमेत मालदीव, श्रीलंका आणि इराणमध्ये अडकलेले ३,९९२ भारतीय नौदलाच्या जहाजांनी परत आणले. समुद्रतळाचे नकाशे काढणं, वादळानंतर मदत पोचवणं, मित्रदेशांबरोबर सराव करणं ही कामं बारा महिने चालू असतात. यातलं बरंचसं टीव्हीवर दिसत नाही, एवढंच.

ताफा कुठला आहे हे करिअरच्या दृष्टीने महत्त्वाचं, कारण जहाज बदललं की माणसाचं काम बदलतं. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत एकाच दिवशी तीन नौका दाखल झाल्या : विनाशिका सुरत, फ्रिगेट निलगिरी आणि पाणबुडी वाघशीर. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. सुरत साधारण १६३ मीटर लांब, सुमारे ७,४०० टन वजनाची. तिला ढकलायला चार गॅस टर्बाइन, म्हणजे विमानाच्या इंजिनाच्या जातीची यंत्रं. जुन्या वाफेच्या जहाजात बॉयलर तापवून निघायला कित्येक तास लागायचे, टर्बाइनला काही मिनिटं पुरतात. पण त्याच्या हवेच्या फिल्टरवर मीठ साचलं किंवा इंधनात पाणी गेलं तर पाती खराब होतात. त्यामुळे इंजिन रूममधल्या खलाशाचा बराच वेळ पाना फिरवण्यापेक्षा तापमान, दाब आणि कंपनांचे आकडे वाचण्यात जातो. रडार, सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र), क्षेपणास्त्रं यांची माहिती एकत्र आणणारी लढाऊ संगणक यंत्रणा वेगळीच. पाणबुडी शोधायला एमएच-६०आर हेलिकॉप्टरं आली आहेत, लांबच्या गस्तीला पी-८आय विमानं आहेत.

तुमच्या कारखान्यात मागावरचा कामगार, जॉबर, वायरमन आणि हिशेबनीस वेगवेगळे असतात, जहाजही तसंच चालतं. मुलीला विचारा : जहाज चालवायचंय, की त्याचं इंजिन सांभाळायचंय, की रडार-क्षेपणास्त्रांची वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स, की हेलिकॉप्टर? पहिलं काम एक्झिक्युटिव्ह शाखेचं, दुसरं इंजिनिअरिंगचं, तिसरं इलेक्ट्रिकलचं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाताना लोणावळा लागतं. नौदलाच्या मरीन इंजिनिअरिंगचं प्रशिक्षण देणारी आयएनएस शिवाजी तिथेच आहे. इलेक्ट्रिकलवाले जामनगरला आयएनएस वलसुरात शिकतात.

मुलगी आहे म्हणून बिचकू नका. विमानवाहू विक्रांत (कोचीत बांधलेली, २६२ मीटर लांब, २ सप्टेंबर २०२२ ला दाखल) हिच्या आराखड्यातच महिला अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या केबिन धरल्या होत्या. २०२३ च्या अखेरीस लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी आयएनएस त्रिंकटच्या कमांडिंग ऑफिसर झाल्या. युद्धनौकेची धुरा सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. अग्निवीर भरतीही मुलींना खुली आहे.

माझ्या मते तुमच्या मुलीने एनडीए आणि बी.टेक. एन्ट्री या दोन्हींची तयारी एकत्र करावी, कारण अभ्यासक्रम बराचसा एकच आहे. एनडीए परीक्षा एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये होते, वयाची अट साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. अकरावीत असताना बसता येत नाही, बारावीत असताना येतं. म्हणजे तिची पहिली संधी बारावीच्या वर्षातल्या सप्टेंबरची. पेपर दोन, प्रत्येकी अडीच तासांचे. गणितात १२० प्रश्न आणि ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीत १५० प्रश्न आणि ६०० गुण, त्यातले २०० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गणितात ०.८३ आणि दुसऱ्या पेपरात १.३३ गुण वजा. अलीकडच्या बऱ्याच परीक्षांत लेखीचा कट-ऑफ ९०० पैकी ३०० च्या आसपास राहिला आहे. तो ऐकून ‘एवढंच?’ असं वाटतं, पण अंदाजपंचे गोळे रंगवणाऱ्यांचे गुण तिथेच उतरतात. शिवाय प्रत्येक पेपरात किमान गुणांची अट आहे, त्यामुळे गणितात आपटलं की इंग्रजी वाचवत नाही. जागाही डोळ्यासमोर ठेवा : एका परीक्षेत एनडीएतल्या नौदलाला साधारण ४२ जागा, त्यात मुलींना पाच-सहा.

बी.टेक. एन्ट्रीला वेगळी लेखी परीक्षा नाही. जेईई मेनच्या ऑल इंडिया रँकवरून थेट एसएसबीला, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला, बोलावतात. बारावीला पीसीएममध्ये मिळून ७० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के हवेत. निवड झाली तर केरळात एळिमला इथल्या नौदल अकादमीत चार वर्षं शिक्षण, खर्च नौदलाचा. यातलं काहीच जमलं नाही तर सोलापुरातच इंजिनिअरिंग करून ६० टक्क्यांवर शॉर्ट सर्व्हिस कमिशनला अर्ज करता येतो. तिथे सुरुवातीची मुदत दहा वर्षांची असते. हा रस्ता मुलं विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चार वर्षांची गोष्ट खलाशांची आहे, अधिकाऱ्यांची नाही. अग्निवीरला पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापले जाऊन हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००. शेवटी सेवानिधी व्याज सोडून दहा लाखांच्या थोडा वर. पेन्शन नाही, आणि पुढे कायम होतात ते २५ टक्क्यांपर्यंत. प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्का इथे. अधिकारी होण्याचे प्रयत्न संपायच्या आत हा अर्ज भरायची घाई नको. पण घरची निकड असेल तर त्यात कमीपणाही नाही.

चष्म्याचं काय? पोहणं तिथे शिकवतात, निवडीला त्याची अट नसते. डोळ्यांची मात्र असते, आणि ती शाखेनुसार बदलते. एनडीएच्या नौदल शाखेसाठी ती चांगलीच कडक आहे. म्हणून जाहिरातीतला वैद्यकीय तक्ता छापून घ्या आणि नेत्रतज्ज्ञांसमोर ठेवा. नंबर तर तपासाच, शिवाय रंगांची चाचणी करून घ्या. रंगीत ठिपक्यांच्या पानात लपलेला आकडा ओळखायचा असतो, पाच मिनिटांचं काम. घरात कुणाच्या लक्षात न आलेलं रंगांधत्व पुढे मेडिकलला उघड होतं आणि त्यावर इलाज नसतो. दात तपासा : १४ डेंटल पॉइंट (दातांच्या तपासणीचे गुण) लागतात, किडलेली दाढ आताच भरून घ्या. कानातला मळ, वाकडं नाकाचं हाड, जुळणारे गुडघे यांवरही मुलं अडकतात. चष्मा जावा म्हणून घाईने लेसर करून घेऊ नका, लहान वयातल्या लेसरवर उमेदवार बाद होतो.

धावणं आजपासून. अग्निवीर भरतीत मुलींना १.६ किलोमीटर ८ मिनिटांत लागतं, म्हणजे ४०० मीटरची फेरी दोन मिनिटांत, अशा चार. पहिली फेरी दीड मिनिटात मारून तिसरीत धापा टाकणं ही नेहमीची चूक. आठवड्यातून चार दिवस पुरे. मार्चनंतर सोलापूरच्या उन्हात सकाळी सहाच्या आतच.

गणितासाठी नवा क्लास लावण्याआधी तिच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका घेऊन बसा. चुका बहुधा अकरावीच्या धड्यांत नसतात, नववी-दहावीच्या बीजगणितात आणि त्रिकोणमितीत असतात. कंस सोडवताना चिन्ह चुकणं, अपूर्णांक, सूत्र पाठ पण कुठे लावायचं ते माहीत नाही. दीड महिना रोज तासभर दहावीचंच पुस्तक करू द्या, मग अकरावीचं त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, नंतर कॅल्क्युलस. एनडीएच्या जुन्या प्रश्नपत्रिका बारावीच्या मे महिन्यापासून, घड्याळ लावून.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्याच दिवशी चित्र बघून गोष्ट लिहिणं आणि गटचर्चा, त्यात निम्म्याहून जास्त परत येऊ शकतात. दुसऱ्या दिवशी ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. पाठ केलेली आदर्श वाक्यं तिथे लगेच ओळखू येतात. लेखी पास झाल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी मोफत करून घेतात, त्याचं पत्र तिथून मिळतं. त्याआधी साडेचार लाखांच्या कुठल्याही कोर्सचा विचारही नको.

धाकट्याला वेळ आहे. दहावीत असताना छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा द्यायला सांगा. अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी तिथे राज्य सरकार करून घेतं. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे, पण तुमच्या मुलीचा अकरावीचा प्रवेश झालेला असल्याने ती संधी गेली.

आणि दोघांचीही कागदपत्रं काढून ठेवा : दहावीचं प्रमाणपत्र, आधार, डोमिसाइल. वडिलांचं नाव एका कागदावर ‘व्यंकटेश’ आणि दुसऱ्यावर ‘वेंकटेश’ अशा छापाची स्पेलिंगं आपल्याकडे घरोघरी आहेत. दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आधार आताच दुरुस्त करून घ्या, कारण अर्जाची खिडकी उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांत ते होईलच असं नाही.