रात्री कमी जेवूनही सकाळची शुगर जास्त का येते?

रात्री एकच भाकरी खाता, चहाही साखरेऐवजी गुळाचा घेता, तरी उपाशीपोटीची शुगर १५०च्या घरात. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, आणि दारूला तर कधी शिवला नाहीत. रात्रीचं जेवणच बंद करू का, असं विचारलंय तुम्ही. कृपा करून तसं करू नका. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी झोपल्यावर शुगर एकदम खाली जाऊ शकते.

सकाळची ही साखर बहुतेक तुमच्याच लिव्हरनं सोडलेली असते. रात्रभर मेंदूला साखर लागते आणि ती लिव्हर पुरवतं: थोडी साठ्यातली, थोडी नव्यानं तयार करून. किती सोडायची यावर इन्सुलिनचा लगाम असतो. लिव्हरमध्ये चरबी साचली की हा लगाम ढिला पडतो आणि पोट रिकामं असतानाही साखर रक्तात येत राहते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी मुख्यतः इथंच काम करते, म्हणून ती परस्पर सोडू नका.

आता तुमच्या गुळाच्या चहाबद्दल. मी कोल्हापूरचा. "साखर कधीच सोडली, आता फक्त गुळाचा चहा" हे आमच्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि दर वेळी जीव तुटतो. दिवसाला चार कप, वर पाहुणे आले की आणखी एक. गूळ म्हणजे बहुतांश उसाचीच साखर, आणि तिच्यातलं निम्मं फ्रुक्टोज. ते पचवायचा भार मुख्यतः लिव्हरवर पडतो. जास्त झालं की त्याचीच तिथं चरबी होते. गूळ सेंद्रिय असला तरी हिशोब तोच. काकवी आणि उसाचा रसही त्यातच आले.

खरा उतारा वजन उतरवण्यात आहे. ८० किलोच्या माणसाचं चार किलो उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते; सात-आठ किलो उतरलं तर सूजही ओसरू शकते. आमच्या घरी रात्रीचं जेवण आठच्या आत आणि नंतर रंकाळ्यावर फेरी, एवढं ठरवून टाकलंय. तांबडा-पांढरा आम्ही सोडलेला नाही, पण ताटातला भात अर्ध्यावर आणलाय.

एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका. फॅटी लिव्हर असूनही ती नॉर्मल येऊ शकते. डॉक्टरांना फिब-४ (लिव्हर कडक झालंय का, याचा अंदाज देणारा आकडा) काढायला सांगा. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून तो आकडा निघतो, बहुधा वेगळा खर्चही लागत नाही. तो १.३च्या वर असेल तर फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. सोनोग्राफीतल्या ग्रेडपेक्षा लिव्हर कडक झालंय का, हे कळणं जास्त महत्त्वाचं.

आणि 'लिव्हर साफ करणारे' काढे डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. कोरोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलंय.