टाके घालून झाल्यावर

प्रिय डॉक्टर,

अल्सरची एकही व्हेगॉटॉमी, म्हणजे जठराकडे जाणारी व्हेगस नस कापायचं ऑपरेशन, न बघता सर्जन व्हायचं, मग शिकलो काय, असं विचारलंस. तुझी हळहळ खरी आहे, पण चुकीच्या गोष्टीसाठी आहे.

१९४३ मध्ये ड्रॅगस्टेड या सर्जननं शिकागोत व्हेगस कापून आम्ल कमी करायची वाट दाखवली. नस कापली की जठर नीट रिकामं होईना, म्हणून पायलोरोप्लास्टी (जठराचं खालचं तोंड रुंद करणं) किंवा गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमी (जठर थेट लहान आतड्याला जोडणं) जोडीला आलीच. मग कुणाला जुलाब, कुणाला जेवल्यावर घाम आणि धडधड. हे करणारे सर्जन मूर्ख नव्हते, हेही ऐकून ठेव. पोटातून रक्त वाहणाऱ्या माणसासाठी त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं.

१९७६ मध्ये सिमेटिडिन आलं, १९८८ मध्ये ओमेप्रॅझोल, दोन्ही आम्ल कमी करणारी औषधं. ठरवून करायची ऑपरेशनं जवळजवळ संपली. पण गोळी बंद केली की अल्सर परत, कारण फक्त आम्ल दाबलं होतं. मार्शल आणि वॉरन यांनी १९८२ मध्ये जठरातला जिवाणू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, तेव्हा कुठे मूळ कळलं. म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो: कारण शोध.

फुटलेला अल्सर मात्र आजही रात्री दोन वाजता येतोच. ड्युओडेनमचं, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचं, लहान छिद्र असेल तर कडा ओढून जुळवू नकोस. सुजलेल्या भिंतीत टाका कापत जातो. छिद्राच्या दोन्ही बाजूंनी, कडेपासून सेंटीमीटरभर लांबून तीन टाके घे, ते मोकळे ठेव, ओमेंटमचा, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पदराचा, जिवंत तुकडा पॅच म्हणून छिद्रावर आण आणि मग गाठी मार. गाठ हलकी हवी. ओमेंटम काळंनिळं पडलं तर रक्तपुरवठा गेला, आणि पॅच गळणार. जठराचं छिद्र असेल तर कडेची बायोप्सी घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, तिथे कॅन्सर असू शकतो.

आणि टाके घातले म्हणजे संपलं असं समजणारे मला सहन होत नाहीत. अरे, कारण शोध! वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो. गुडघेदुखीच्या गोळ्या चालू आहेत का, असं नुसतं विचारलंस तर 'नाही' म्हणतील. घरातली सगळी पाकिटं आणायला सांग. जिवाणूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी ओमेप्रॅझोल चालू असताना खोटी निगेटिव्ह येते, त्याआधी दोन आठवडे ते बंद हवं, अँटिबायोटिक चार आठवडे. नुकत्याच फुटलेल्या पेशंटचं ओमेप्रॅझोल मात्र त्यासाठी थांबवू नकोस, तपासणी पुढे ढकल. जिवाणू सापडला तर चौदा दिवसांचा कोर्स, आणि कोर्सनंतर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ती तारीख डिस्चार्ज कार्डवर स्वतःच्या हातानं लिही, आणि नातेवाइकांकडून वाचून घे.