आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’?

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

‘चि.’ म्हणजे चिरंजीव. धाकट्यांना असंच लिहितात. आजोबांना पत्र लिहिताना मी अजूनही ‘ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.’ लिहिते आणि मैत्रिणीला नुसतं ‘स. न. वि. वि.’. मजकूर सुरू व्हायच्या आधीच कोण मोठं, कोण बरोबरीचं ते ठरलेलं असतं.

रविवारी व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, “आजी-आजोबा दोघंही म्हातारे, मग तू आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ का म्हणतेस? आजी कमी महत्त्वाची आहे का?” मी पोळ्या लाटत होते, म्हणून नंतर सांगते म्हटलं. (लिहिताना ‘लाटत होते’. बोलताना मी ‘लाटत होतो’च म्हणणार, आम्हा कोल्हापूरच्या बायकांचं तसंच असतं.)

जर्मनमध्ये हे सोपं आहे. शाळेतल्या बाईंना ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ आणि घरात ओमा-ओपा म्हणजे आजी-आजोबा दोघांनाही ‘डू’, म्हणजे ‘तू’. आपल्याकडे याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं: आई जवळची, म्हणून तिला ‘तू’, देवालाही आपण ‘तू’च म्हणतो. ऐकायला छान आहे, पण मग बाबा लांबचे होते का? तर हो, होते. बाबा दारात आले की रेडिओचा आवाज आपोआप कमी व्हायचा. आजी त्यांचं नाव कधीच घ्यायची नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुढे सगळा संसार ‘अहो’वर झाला. तू तीन वर्षांची असताना तुला तेच त्यांचं नाव वाटायचं आणि तूही ‘अहोऽऽ’ अशी हाक मारायचीस. आजीला आम्ही घाबरत नव्हतो. तिला मान कमी होता का? थोडा कमीच होता, मनू.

पण सगळं वयावर आणि बाई-पुरुष असण्यावरच ठरत नव्हतं. आमच्या शेतावर एक गडी होते. आत्ता ‘होते’ लिहितेय, तेव्हा ‘होता’ म्हणायचो. ते साठीचे, मी सात वर्षांची. मी म्हणायचे, “ए, पाणी आण की.” ते म्हणायचे, “आणतो की ताईसाब.” मोठ्यांना अहो-जाहो करायचं असं बजावणाऱ्या आमच्या घरात या बाबतीत मला कुणीही टोकलं नाही. त्यांची जात वेगळी होती आणि ते आमच्याकडे कामाला होते. त्यापुढे त्यांचे पांढरे केस कुणी मोजले नाहीत.

मग कॉलेजला पुण्यात गेले. पहिल्याच आठवड्यात “मी आलो” म्हटलं आणि अख्खा बाक हसला. ‘शुद्ध’ मराठी म्हणजे तिथल्या शिकलेल्या घरांतली, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? १८३१ साली मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्याच्या मदतीला जे मराठी पंडित होते ते ब्राह्मण शास्त्रीच. मी महिनाभरात ‘आले-गेले’ करायला शिकले. सुट्टीत घरी आल्यावर तसंच बोलले तर आजी म्हणाली, “लई शहाणी झालीस.”

आता दिवाळीत कोल्हापूरला जाशील तेव्हा आजोबांना खुशाल ‘ए आजोबा’ म्हण. मला जन्मात ‘तू’ म्हणू दिलं नाही त्यांनी, पण नातीनं म्हटलं की खूश होतात. सकाळी शेतावरच्या काकू दूध घेऊन येतील, त्या गड्यांच्या सूनबाई. त्यांना ‘अहो काकू’ म्हण. त्या तुला काय म्हणतात ते नीट ऐक आणि रात्री फोनवर मला सांग.

तुझी,
आई