रस्त्यावरची माणसं, त्यांचे फोटो, त्यांच्या गोष्टी : वाचकांचे प्रश्न

अनोळखी माणसाचा फोटो काढायचा आणि त्याच्याच तोंडची गोष्ट सोबत छापायची, या प्रकाराबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. ब्रँडन स्टॅन्टन यांनी २०१० साली ‘ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क’ सुरू केलं, तेव्हा शहरातल्या दहा हजार माणसांचे फोटो काढून नकाशावर मांडायचे एवढाच बेत होता. माणसांचं बोलणं नंतर आलं आणि बघता बघता तेच मुख्य होऊन बसलं. आलेले प्रश्न मात्र बहुतेक कॅमेऱ्याचेच आहेत. आधी ते घेऊ.

आठवडी बाजारात “फोटो काढू का?” म्हटलं की विक्रेते तोंड फिरवतात, नाहीतर ताठ बसतात. काय चुकतं? (निफाड)

वेळ चुकते आणि क्रम चुकतो. गिऱ्हाइकांची झुंबड असताना जाऊच नका. बाजार उठायच्या आधीच्या तासाभरात माल बराचसा संपलेला असतो आणि माणूस बोलायच्या मनःस्थितीत असतो. कॅमेरा खाली लोंबकळू द्या आणि समोरून जा. माणूस जमिनीवर बसला असेल तर तुम्हीही उकिडवे बसा. आधी मालाबद्दल विचारा, पण खरंच जाणून घ्यायचं असेल तेच. मग तीन गोष्टी लगेच सांगून टाका : तुमचं नाव-गाव, फोटो कशासाठी हवा, आणि तो कुठे दिसणार. “मी नगरपालिकेकडून आलेलो नाही” हे विचारायच्या आधीच सांगा. कॅमेरा घेऊन आलेला माणूस अतिक्रमण विभागाचा असेल, ही धास्ती रस्त्यावर धंदा करणाऱ्या प्रत्येकाला असते. आधीचे चार-पाच फोटो मजकुरासह मोबाइलमध्ये ठेवा. दाखवलं की निम्मं समजावणं वाचतं.

ताठ बसण्याचं वाईट वाटून घेऊ नका. पदर नीट करून, टोपी सरळ करून माणूस जसा बसतो तसं त्याला दिसायचं असतं. ते दोन-तीन फोटो काढा आणि त्याला दाखवा. मग “तुमचं काम चालू द्या” म्हणा. हात जुडी बांधायला लागले की खांदे आपोआप सैल होतात. “हसा” म्हणू नका. दहा-पंधरा फोटो पुष्कळ झाले.

आणि हो, चाळिशीतल्या बाईंना “आजी” म्हटलंत तर पुढचं काहीही जमणार नाही. मावशी म्हणा, ताई म्हणा.

दुपारी काढलेल्या फोटोंत चेहरे काळे येतात आणि गांधी टोपी पांढरीफटक. ताडपत्रीखाली काढले तर सगळे निळे. (सांगोला)

दुपारचं ऊन डोक्यावरून येतं. भुवयांखाली डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात आणि टोपीचा वरचा भाग जळतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा उरतो. माणसाला सावलीच्या कडेशी आणा : दुकानाच्या छपराखाली, उघड्या शटरच्या आत हातभर, तोंड उजेडाकडे. समोरची उन्हात तापलेली जमीन किंवा चुन्याची भिंत चेहऱ्यावर खालून उजेड टाकते, तेवढा पुरतो.

टोपी, धोतर, सदरा असं चौकटीत पांढरं जास्त असलं की कॅमेरा फसतो. सगळं राखाडी समजून तो उजेड कमी करतो आणि चेहरा बुडतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). मागे काळोखी गाळा असेल तर उलट, तितकंच कमी करा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवून दाबून धरलं की फोकस आणि उजेड बहुतेक फोनमध्ये बांधला जातो. तरी टोपी जळत असेल तर उजेड थोडा खाली ओढा. सावलीतला चेहरा नंतर उजळता येतो. जळालेल्या टोपीत परत आणण्यासारखं काहीच उरत नाही. कॅमेऱ्यात रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवलं तर ही मोकळीक बरीच वाढते.

ताडपत्रीचा निळा रंग मात्र व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगाची झाक काढायच्या सोयीने, पुरता जात नाही. अर्ध्या गालावर निळा उजेड आणि अर्ध्यावर बाहेरचा, असे दोन रंग एकदम पडलेले असतात. एक दुरुस्त केला की दुसरा गाल नारिंगी होतो. माणसाला एक पाऊल बाहेर, ताडपत्रीच्या कडेला घ्या. जमतच नसेल तर तो फोटो कृष्णधवल करा.

५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स घेतली. एक डोळा स्पष्ट येतो, दुसरा धूसर. (डोंबिवली)

लेन्स बिघडलेली नाही. तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) असेल तर दीड मीटरवरून एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं असताना, जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. मान किंचित वळली की दुसरा डोळा त्याबाहेर जातो. भोक लहान करून एफ ४ वर नेलं की ही खोली दुपटीच्या वर जाते. शटर १/२५० सेकंद ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो करून त्याला ३२०० ची मर्यादा घाला आणि फोकसचा ठिपका जवळच्या डोळ्यावर ठेवा. शिवाय पार्श्वभूमी पार पुसून टाकायची कशाला? मागचा वजनकाटा आणि देवाचा फोटो लावलेली फळी हाही त्या माणसाचा पत्ताच आहे.

मोबाइलवाल्यांसाठी : नाक मोठं येतं ते फार जवळ गेल्यामुळे. दीड-दोन मीटरवर उभे राहा आणि दुप्पट झूम वापरा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो मोकळे केस, चष्म्याची काडी, फेट्याचा शेमला असं काहीबाही खातो.

गोष्ट कशी विचारायची, आणि ती किती बदलून लिहायची? आमच्याकडचे लोक वऱ्हाडी बोलतात. (अकोला)

हा यादीतला सगळ्यात कामाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

“आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा प्रसंग सांगा” असं विचारलं की माणूस गप्प होतो किंवा टीव्हीवर ऐकलेलं बोलतो. कामापासून सुरुवात करा. हातगाडी लावायच्या आधी पहाटेपासून काय काय करावं लागतं? हे काम कुणी शिकवलं? पहिल्या दिवशी किती सुटले? आकडे आणि वेळा विचारल्या की आठवणी आपण होऊन येतात. मग मध्ये बोलू नका. उत्तर संपल्यावर तीन-चार सेकंद थांबलं तर पुष्कळदा खरं बोलणं तिथूनच सुरू होतं.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या आणि “हो” हे उत्तरही रेकॉर्ड होऊ द्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग थांबतं. शर्टाच्या खिशात कापड घासल्याचा आवाज येतो, हातगाडीच्या फळीवर ठेवला तर वजनं आदळल्याचा. फोन हातातच धरा, तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि दहा सेकंद बोलून, ऐकून बघा.

पंधरा मिनिटांच्या बोलण्यातून साधारण दीड हजार शब्द निघतात. छापायचे दीडशे-दोनशे. कापायला हरकत नाही, जोडायला आहे. आज या प्रकारच्या मजकुरात जी एकसुरी रड दिसते ती जोडण्यातून आली आहे : भाजीवाला असो की निवृत्त शिक्षिका, शेवटच्या ओळीत सगळे एकाच आवाजात जगण्याचं तत्त्वज्ञान सांगतात. माणसाने ते वाक्य म्हटलं नसेल तर ते तुमचं आहे, काढून टाका.

वऱ्हाडी तशीच ठेवा. शब्द ठेवा, क्रियापदं ठेवा, वाक्याची चाल ठेवा. प्रत्येक हेल अक्षरांत पकडायला मात्र जाऊ नका, त्याने बोलणारा विनोदी दिसतो. “मले काई समजे नाई” हे “मला काहीच कळत नव्हतं” झालं की माणूस बदलतो.

हिशेबही तपासा. पंचावन्न वर्षांचे गृहस्थ “बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली” म्हणत असतील तर तेव्हा ते रांगत होते. खोटं बोलत असतील असं नाही. आईकडून ऐकलेलं पुष्कळदा आपलंच वाटू लागतं. पुन्हा विचारा, कदाचित आईचीच गोष्ट जास्त चांगली निघेल.

शेवटी मजकूर छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवा, फोनवर का होईना. माणसं बहुधा एकच गोष्ट काढायला सांगतात : कर्जाची रक्कम किंवा सुनेबद्दलचं वाक्य. काढा. “नवरा दारू पितो” या वाक्याला बाईंची संमती असली तरी नवऱ्याची नसते, आणि बाईंच्या फोटोवरून गाव त्याला ओळखतं.

कायद्याने लेखी संमती लागते का? फोटोचा हक्क कुणाचा? (पुणे)

सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण फोटोसोबत खाजगी आयुष्य छापताय, म्हणून संमती दोन वेळा घ्या : एकदा फोटोची, एकदा तयार मजकुराची. जाहिरातीत वापर होणार असेल तर वेगळी आणि लेखी. वाचता न येणाऱ्याला कागद वाचून दाखवा आणि ते रेकॉर्ड करा. मुलांसाठी पालकांना विचारा. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही, पालक हो म्हणाले तरी, छापता येत नाही. पोक्सो कायद्याने तो गुन्हा आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक फोटो काढणारा. कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर काढून घेणारा. कल्पनेवर मात्र कुणाची मालकी नाही. ‘ह्यूमन्स ऑफ बॉम्बे’ आणि ‘पीपल ऑफ इंडिया’ या अशाच गोष्टी मांडणाऱ्या दोन उपक्रमांच्या वादात २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सांगितलं : गोष्टी सांगण्याची कल्पना सगळ्यांना मोकळी, पण एकमेकांनी करून घेतलेले फोटो आणि मजकूर उचलायचे नाहीत.

पैसे द्यावेत का? (सातारा)

बोलण्याबद्दल नको. पैसे दिसले की पुढची गोष्ट तुम्हाला हवी तशी होते. धंद्याचा वेळ मोडला असेल तर माल विकत घ्या, घासाघीस न करता.

आषाढी वारीत फोटो काढायचे आहेत. (लातूर)

चालत्या दिंडीला आडवे येऊ नका. वारकऱ्याची लय मोडते आणि मागचे तुमच्यावर आदळतात. विसाव्याच्या जागी किंवा संध्याकाळी तळावर गाठा. वयाचा विचार न करता सगळ्यांना “माऊली” म्हणा. दिवे घाटात सगळे वरून गर्दीचे फोटो काढतात. चेहरे हवे असतील तर घाट चढून पालखी सासवडला मुक्कामी आल्यावर भेटा, तेव्हा पाय चेपत बसलेली माणसं निवांत बोलतात. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरतो. लेन्स पुसायला सुती रुमाल दोन घ्या, एक भिजतोच.

फोटो पाठवायचं कबूल कराल तर नावाबरोबर गाव, तालुका आणि दिंडीचा क्रमांक लिहून घ्या, दिंडी पालखीच्या रथापुढे चालते की रथामागे यासकट. पुष्कळांकडे स्वतःचा फोन नसतो, दिंडीप्रमुखांचा असतो. चार बाय सहाच्या प्रिंटमागे हेच सगळं पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई पावसाळी हवेत पुढच्या प्रिंटवर उतरते.